व्हेटो अण्णा

ग्रामसभेत विषय हातपंपाच्या जागेचा होता. मारुतीच्या पारापाशी घ्यायचा की शाळेच्या कुंपणाला, यावर हात वर झाले, पार जिंकला, ग्रामसेवक ठराव लिहायला वाकले आणि मागून आवाज आला, ‘थांबा. लिहू नका. मी व्हेटो वापरलाय.’ ग्रामसेवक नवे होते. त्यांनी अदबीनं विचारलं, ‘लेखी आणलाय का?’ अण्णांनी वहीचं पान फाडून तिथल्या तिथं लिहून दिला. प्रोसिडिंगला नोंद झाली ती अशी : ‘अण्णांनी व्हेटो सादर केला. तो वाचून दप्तरी ठेवण्यात आला.’ हातपंप पारापाशीच बसला. अण्णांना मात्र तेव्हापासून व्हेटो अण्णा हे नाव बसलं, आणि ते त्यांना मनापासून आवडलं. हा अधिकार जगात पाचच देशांना आहे हे त्यांना ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं इतकंच, की ती यादी १९४५ साली घाईघाईत झाली, चौकशी नीट झाली नाही.

बेंबळी हे धाराशिव तालुक्यातलं मोठं गाव, स्वतःचं पोलीस ठाणं असलेलं. म्हणजे भांडणं भरपूर. पण अण्णा गावातल्या भांडणात कधी तोंड घालत नाहीत. तिथं दोन्ही बाजूंना पाव्हणे निघतात. इस्रायल आणि पॅलेस्टाइनमध्ये त्यांचा एकही पाव्हणा नाही, त्यामुळं न्याय मोकळेपणानं करता येतो. सख्ख्या भावाबरोबर बांधाचा दावा धाराशिवच्या कोर्टात किती वर्षं पडून आहे असं कुणी विचारलं, तर ते ‘ते न्यायप्रविष्ट आहे’ एवढंच सांगतात आणि १९६७ च्या रेषेवर येतात. ती रेषा कुठून कुठं जाते हे ते टेलरचाचांच्या दुकानातल्या कापडावर, टेलरचाचांच्याच खडूनं काढून दाखवतात. त्या पायी गावातल्या एका नवरदेवाच्या सफारीवर वेस्ट बँक उमटली होती आणि ती इस्त्रीनंही गेली नव्हती.

वय सत्तरीच्या पुढं, शिक्षण जुनी सातवी. बहात्तरच्या दुष्काळात ते पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते आणि अमेरिकेहून आलेल्या मिलोच्या भाकरी खात होते. अमेरिकेशी त्यांचे संबंध तेव्हापासूनचे. ‘त्या लाल भाकरीनं पोट भरायचं, पण घशाखाली उतरताना ती आपली पॉलिसी सांगायची,’ असं ते म्हणतात. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात अरब आणि इस्रायलचं युद्ध झालं, निक्सननं इस्रायलला विमानांनी शस्त्रं पोचवली, अरबांनी तेल अडवलं, भाव चौपट झाला, घरी रॉकेल मिळेना, आणि त्याचं कारण काय ते गावातल्या शेठच्या रेडिओवरून अण्णांनी ऐकलं. घरातली चिमणी विझायला वॉशिंग्टनमधला माणूस कारण होऊ शकतो, हे त्या वयात कळलेला माणूस पुन्हा गावच्या राजकारणात रमत नाही. त्यानंतर त्यांनी बीबीसी हिंदी सोडली नाही. २०२० च्या जानेवारीत तिचं शॉर्टवेव्ह बंद झालं तेव्हा त्यांनी रेडिओ पुसून, पिशवीत घालून, माळ्यावर ठेवला.

त्यांची खरी हुकमत दिसते ती १७ सप्टेंबरला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की अण्णांना दोन शब्द बोलायला सांगावंच लागतं, नाही सांगितलं तर ते बोलतातच. त्यांचा सिद्धांत असा, की १७ सप्टेंबर ही तारीख बेंबळीची आणि जेरुसलेमची सामायिक आहे. १९४८ साली याच दिवशी निजामानं हात टेकले, आणि याच दिवशी जेरुसलेममध्ये युनोचा मध्यस्थ काउंट बर्नाडोट याला लेही या ज्यू गटाच्या माणसांनी गोळ्या घातल्या. १९५० साली याच दिवशी भारतानं इस्रायलला मान्यता दिली. १९७८ साली याच दिवशी कार्टरनं सादात आणि बेगिनला शेजारी बसवून कॅम्प डेव्हिडच्या करारावर सह्या घेतल्या. पोरं उन्हात उभी असतात, बिस्किटाचे पुडे वाटायचे राहिलेले असतात, आणि अण्णा विचारतात, ‘हा योगायोग म्हणायचा का?’ पहिल्या रांगेतलं एखादं पोरगं भुकेपोटी जोरात ‘नाही’ म्हणतं. अब्राहम करार १५ सप्टेंबर २०२० ला झाले याची त्यांना अजून हळहळ आहे. ‘ट्रम्पला घाई नडली. दोन दिवस थांबला असता तर टिकाऊ झालं असतं.’

मी या तारखा एकदा पडताळून पाहिल्या. सगळ्या बरोबर आहेत. अशा माणसाचं हेच अवघड असतं. तो चुकीचं बोलत असता तर सोडून देता आला असता.

शिवाय बेंबळीचा प्रश्न युनोत गेला होता हे त्यांचं आवडतं वाक्य. ऐकणारा दचकतो. मग ते खुलासा करतात : १३ सप्टेंबरला सोलापूरकडून आपलं सैन्य नळदुर्गात घुसलं, निजामाची तक्रार १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा समितीच्या पुढ्यात आली, आणि दुसऱ्या दिवशी तक्रारदारानंच शरणागती पत्करली. बेंबळी हैदराबाद संस्थानात, म्हणजे तक्रारीत बेंबळी आलीच. ‘पॅलेस्टाइनचा कागद आणि आपला कागद एकाच टेबलावर होता. आपला मिटला, कारण अमेरिकेचं लक्ष नव्हतं. त्यांचा मिटला नाही, कारण अमेरिकेचं लक्ष होतं.’ एवढ्या एका वाक्यासाठी एखाद्या विद्यापीठानं त्यांना बोलवायला हरकत नव्हती.

समोरची बाजू टेलरचाचांची. दोघे एका वर्गातले, एका बाकावरचे. चाचांची पद्धत अण्णांच्या नेमकी उलटी : ते तोंडात टाचण्या धरून ऐकत राहतात, आणि अण्णा पाण्याचा घोट घ्यायला थांबले की टाचण्या काढून एकच वाक्य बोलतात. निजामावर अण्णा घसरले, की चाचा म्हणणार, ‘आपल्या जिल्ह्याला ज्याचं नाव होतं तो उस्मान अली, खलिफाचा व्याही होता, हे पण सांग की पोरांना.’ हे खरंच आहे. पदच्युत झालेला शेवटचा खलिफा अब्दुल मजीद, त्याची मुलगी दुर्रुशेवार निजामाच्या थोरल्या मुलाला १९३१ साली फ्रान्समधल्या नीसला दिली. पण अण्णा हटत नाहीत. ‘आणि त्याच व्याह्याच्या साम्राज्याविरुद्ध तेरा वर्षं आधी निजामाचे घोडेस्वार इंग्रजांकडून पॅलेस्टाइनमध्ये लढत होते, ते?’ हेही खरं. जोधपूर आणि म्हैसूरबरोबर हैदराबादचे लान्सर इंग्रजांच्या त्या घोडदळ ब्रिगेडमध्ये होते; दिल्लीच्या तीन मूर्तींत एक मूर्ती त्यांची. चाचा मशीनचं चाक फिरवतात. ‘मग काय झालं? आधी भांडण, मंग सोयरीक. तुझ्या भावाचं आन् तुझं अजून पहिल्यावरच अडकलंय.’ इथं अण्णांना एकदम चहाची आठवण होते.

अण्णांचं जगाकडं बघण्याचं भिंग म्हणजे सातबारा. बाल्फोरचं १९१७ चं पत्र म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचं तिसऱ्याच्या नावानं केलेलं बक्षीसपत्र, तेही अवघ्या सदुसष्ट शब्दांचं आणि स्टॅम्पाविना. आणि अमेरिका म्हणजे तलाठी. १४ मे १९४८ ला इस्रायल जाहीर झालं, आणि ट्रुमननं अकरा मिनिटांत मान्यता दिली. ‘अकरा मिनिटांत फेर ओढला! आपल्याकडं वारसाची नोंद लावायची तर माणूस स्वतः वारस लावायच्या वयाचा होतो.’ दुकानात हशा होतो. मग टाचण्या बाहेर येतात. ‘आन् कब्जेदाराला नोटीस कोण दिली?’ चाचा विचारतात. हशा थांबतो. अण्णा मान हलवतात आणि म्हणतात, ‘मुद्द्याचं आहे,’ आणि मुद्दा स्वतःच्या खात्यात जमा करून घेतात.

मग त्यांची बाजू कुठली? इतकी वर्षं ऐकूनही मला सांगता येणार नाही. दुकानात कुणी इस्रायलचे गोडवे गायला लागला, की अण्णा त्याला सुरक्षा समितीत अमेरिकेनं वापरलेल्या व्हेटोंचा हिशेब विचारतात, आणि ओबामानं २०१६ साली दहा वर्षांसाठी कबूल केलेल्या अडतीस अब्ज डॉलरच्या मदतीत मराठवाड्याला किती शेततळी झाली असती ते मांडून दाखवतात. दुसऱ्यानं इस्रायलला शिव्या घातल्या, की ते त्याला हात धरून आपल्या रानात नेतात. ठिबकची नळी उचलून म्हणतात, ‘हात्झेरीम नावाच्या वाळवंटातल्या वस्तीवर १९६५ ला ही कंपनी निघाली. तुझ्या घरच्यांनी त्या साली काय काढलं?’ मराठवाड्याच्या वॉटर ग्रीडचा आराखडा इस्रायलच्या मेकोरोट कंपनीकडं दिल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. ग्रीडचं पाणी गावात आलेलं नाही, पण पेढ्याचं अण्णांना वाईट वाटत नाही. दिमोनाबद्दल बोलताना तर त्यांचा आवाज हळवा होतो, कारण तिथं अणुभट्टी आहे आणि तिथंच कोकणातून गेलेले मराठी बोलणारे बेने इस्रायली आहेत. ‘म्हणजे तिकडं गेलो तरी मला दुभाष्या लागणार नाही,’ असं ते सांगतात. त्यांना बाजू नको असते. समोरचा हवा असतो, आणि तो उठून जाणारा नको असतो.

या नादात काहींचे हालही होतात. स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याचं नाव सद्दाम. आखाती युद्धाच्या सुमारास देशभर अनेक घरांत हे नाव ठेवलं गेलं, तसंच हे. त्या बिचाऱ्याला ट्यूबलेस टायर सोडून कशात रस नाही. पण अण्णांची लुना पंक्चर झाली की पान्हा हातात असताना त्याला २००३ साली पॉवेलनं युनोत दाखवलेल्या त्या नळीबद्दल मत द्यावं लागतं. तो प्रत्येक वेळी एकच मत देतो : ‘अण्णा, वॉल्व्ह गेलाय.’

आता मूळ प्रकरण. अण्णांची नात इंजिनिअर झाली आणि तिला अमेरिकेत, टेक्सासात, एम.एस.ला प्रवेश मिळाला. शेत तारण ठेवून कर्ज झालं, आणि ते कागद अण्णांनी चष्मा न लावता सह्या करून दिले. व्हिसाचा अर्ज भरायचा तोच २०२५ च्या मेअखेरीला अमेरिकेनं विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखती थांबवल्या. समाजमाध्यमांवरची खाती तपासणार, ही बातमी तेव्हाच आली होती. जूनच्या १८ तारखेला मुलाखती पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेव्हा तिची अटच झाली : अर्जदारानं आपली समाजमाध्यमांवरची सगळी खाती जगाला उघडी करून ठेवायची, अधिकारी तपासणार.

नातीच्या इन्स्टाग्रामवर तिचे स्वतःचे फोटो थोडे होते. बाकी सगळे अण्णा. अण्णा पारावर, अण्णा ठिबकची नळी धरून, अण्णा म्हशीच्या पुढ्यात उभे राहून आयसेनहॉवरनं १९५६ ला सुएझमधून इंग्रज, फ्रेंच आणि इस्रायलला कसं माघारी लावलं ते सांगताना. ‘तसा एक मर्द अध्यक्ष पुन्हा झाला नाही’ या रीलला तर पुण्यापर्यंत लाइक होते. मेअखेरीची ती बातमी आली तशी, जूनच्या सुरुवातीलाच, पोरीनं एका रात्रीत अण्णा पुसले, आणि सकाळी सूनबाईंनी चुलीपुढून हुकूम सोडला : पोरीच्या पासपोर्टावर शिक्का बसेपर्यंत अण्णांनी अमेरिका, इस्रायल, इराण, गाझा यांतला एकही शब्द चारचौघांत काढायचा नाही. गावात आता पोरापोरांच्या हातात कॅमेरा आहे. अण्णा म्हणाले, ‘हे निर्बंध आहेत.’ सूनबाई म्हणाल्या, ‘हो, आहेत.’ अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा व्हेटो वापरला नाही.

आणि १३ जूनला इस्रायलनं इराणवर हल्ला केला.

ज्या युद्धाची अण्णा तीस वर्षं भाकितं करत होते ते सुरू झालं, आणि अण्णांना बोलायची बंदी. पेरणीचे दिवस, तरी दुकानापुढं माणसं जमली. डीएपीचं पोतं तेराशे पन्नासला मिळेल का नाही, डिझेल वाढणार का, कतारहून गॅस आला नाही तर युरियाचं काय, सगळं अण्णांना विचारायचं होतं. अण्णा आले, बाकावर बसले आणि म्हणाले, ‘सोयाबीनला बीजप्रक्रिया केली का सगळ्यांनी?’ लोकांना वाटलं, प्रस्तावना आहे. ते थांबले. अण्णा खरंच बीजप्रक्रियेवर बोलले. १८ तारखेला ट्रम्पनं पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला व्हाइट हाउसात जेवायला बोलावलं. दुकानात नुसती आग झाली. अण्णांनी तांब्याभर पाणी पिऊन गोगलगायींच्या बंदोबस्ताचा विषय काढला. चाचांनी पहिल्यांदा मशीन थांबवून विचारलं, ‘अण्णा, तुला बरं न्हाई का?’

त्या दिवसांत चाचाही सुकले. अण्णांशिवाय त्यांनी एकट्यानं कुणाशी वाद घालून बघितला. पण तरुण पोरं दोन वाक्यांत ‘तुमचे’ आणि ‘आमचे’ करायला लागली, आवाज चढले, आणि चाचांनी दुकान लवकर बंद केलं. अण्णांशी भांडताना इराणपासून इजिप्तपर्यंत सगळे कापले जायचे, पण बेंबळीतला कुणी मधे यायचा नाही. हा अलिखित करार किती कामाचा होता ते त्या आठवड्यात कळलं.

२२ जूनला, रविवारी पहाटे, अमेरिकेनं इराणमधल्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहानवर हल्ला केला. अण्णांचा बांध तिथं फुटला. पण शब्द दिलेला. म्हणून ते दुकानात आले आणि इकडंतिकडं बघून चाचांना म्हणाले, ‘कळलं का? थोरल्यानं पहाटे बोअर मारले. चौदा.’

चाचांच्या तोंडातल्या टाचण्या हलल्या. मग डोळे चमकले. ‘किती खोल?’

‘दोनशे दोनशे फूट. बारा एका गटात, दोन दुसऱ्या. तिसऱ्या गटात लांबून दगड फेकले.’

‘धाकट्यासाठी?’

‘धाकट्याच्याच्यानं एवढं खोल जात न्हाई ना. त्याची मशीनच लहान.’

‘पण पाणी लागलं का?’

‘तिथंच तर गोम हाय. थोरला म्हणतो, सगळं कोरडं केलं. ते म्हणतात, पाणी आधीच दुसरीकडं नेलं.’

पंधरा-वीस दिवसांची भूक होती. दोघे असे तुटून पडले, की दारात कधी एक हवालदार येऊन उभे राहिलेत ते कुणाला कळलं नाही. ते पँटची उंची कमी करायला आले होते. त्यांनी वही काढली. ‘चौदा बोअर? एका रात्रीत? साठ मीटरच्या खाली जायला कायद्यानं बंदी आहे. कुणाच्या रानात?’

‘साठ मीटरलाच थांबलेत, साहेब,’ अण्णा म्हणाले. दोनशे फुटांचे साधारण साठ मीटर होतात. भूजल कायद्याची मर्यादा आणि अमेरिकेच्या बॉम्बची मर्यादा एकच निघाली, याचा आनंद त्यांना लपवता येईना.

‘परवानगी होती का?’

‘घरच्यांची बी नव्हती,’ चाचा बोलून गेले. ‘घरातल्या सभेला न विचारता मारलेत.’

‘दोघा भावांचा वाद दिसतोय. नावं सांगा.’

अण्णांनी चाचांकडं पाहिलं, चाचांनी छताकडं. नाव घेतलं तर शब्द मोडतो, नाही घेतलं तर पोलिसांपासून माहिती लपवल्यासारखं होतं. शेवटी कोपऱ्यात पंपाची हवा बघत बसलेला सद्दाम बोलला, ‘साहेब, ट्रम्प.’ हवालदारांनी वहीत ‘ट्र’ लिहिलं होतं, ते खोडलं. पण पँट मिळेपर्यंत तेही बाकावर बसले, आणि जाताना त्यांनी हळूच विचारलं, ‘मग आता दुसरा गडी बोअर बुजवणार का उलट मारणार?’ तेविसाला इराणनं कतारमधल्या अमेरिकेच्या तळावर क्षेपणास्त्रं सोडली, चोविसाला युद्धबंदी झाली. हवालदार चोविसाला संध्याकाळी पुन्हा आले. यावेळी शर्ट घेऊन.

त्या वर्षी आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी, ६ जुलैला आले. त्यानंतर नातीची मुलाखत मुंबईला झाली. मंजूर. निरोप आला तेव्हा घरात सगळे रडले, अण्णांनी देवापुढं नारळ फोडला आणि नात परत आल्यावर तिला समोर बसवून सगळं तपशिलात विचारलं.

‘काय काय विचारलं माय त्यांनी?’

‘विद्यापीठ कुठलं, पैसे कोण देणार, परत येणार का. तीन प्रश्न, अण्णा. दोन मिनिटं लागली.’

‘माझ्याबद्दल?’

‘तुमच्याबद्दल काहीच नाही.’

‘सुएझचं? म्हशीपाशी बोललो ते?’

‘अण्णा, मी पुसलं होतं ना ते.’

‘पुसलं तरी त्यांना दिसतं. त्यांना सगळं दिसतं.’ अण्णा बराच वेळ दाढी खाजवत बसले. दुसऱ्या दिवशी दुकानात आले ते मानभंग झालेल्या माणसासारखे. चाचांनी टाचण्या काढल्या, खडू पुढं केला, कापड अंथरलं. निर्बंध उठले होते. पण अण्णांनी खडू घेतला नाही.

‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘मुद्दाम विचारलं न्हाई. ही त्यांची जुनी पॉलिसी हाय. इराणमधलं मोसाद्देगचं सरकार पाडलं ते मान्य करायला त्यांनी किती वर्षं लावली, माहिताय?’

‘साठ,’ चाचा म्हणाले.

‘मंग? माझी मला कुठं घाई हाय.’

आणि त्यांनी खडू उचलला.